पोस्टमास्तरांची मरळ

सानगडीचे पोस्टमास्तर केशवराव लांजेवार यांचा या जगात एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास होता. ती म्हणजे लाखेची मोहोर, आणि तीसुद्धा स्वतःच्या हातानं मारलेली असेल तर. बाकी सगळं ते तपासून घेत. दुधाचा थेंब नखावर ठेवून तो किती वेळ टिकतो ते पाहत. भाजीची जुडी वरून हिरवीगार दिसली की त्यांना आतल्या काड्यांचा संशय येई. एकदा देवळात हातावर पडलेलं तीर्थ त्यांनी पिण्याआधी हुंगलं, असं गावात भय्याजी सांगत. आता भय्याजींच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्नच आहे; पण केशवरावांनी कधी ते नाकारलं नाही.

त्या साली दिवाळीच्या आधी त्यांच्या बायकोला, शकुनबाईंना, विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी ताप उतरला, पण भूक काही परत आली नाही. साकोलीच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "आता औषध पुरे. पोटात अन्न जाऊ द्या. मरळीचा रस्सा द्या, अंगात ताकद येईल. पंधरा दिवसांत खायला लागल्या नाहीत, तर नागपूरच्या दवाखान्यात भरती करावं लागेल." शकुनबाईंच्या बांगड्या मनगट सोडून कोपरापर्यंत चढत होत्या. केशवराव त्या बांगड्या कुठवर चढल्या ते रोज पाहत आणि घाबरत. माणूस कितीही संशयी असला तरी त्याची बायको ही त्याची बायको असते.

सेवेत त्यांनी कसूर केली नाही. पोस्ट बंद झालं की ते स्वतः दूध तापवत, पेला घेऊन बायकोजवळ बसत आणि म्हणत, "घे. थांब, थांब. वास पाहू दे जरा." अंडं आणलं तर ते कानाजवळ हलवून पाहिल्याशिवाय पुढं करत नसत. मग आठवडी बाजारातून मरळ आणायला गेले. मासळी विकणाऱ्या गिरजाबाईसमोर ते अर्धा तास उकिडवे बसले. एकेका मरळीचे कल्ले उघडून पाहिले, डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं. शेवटी गिरजाबाई म्हणाली, "मास्तर, मासोळी घेता का सोयरिकीले पोरगी पाहाले आले?" एवढी परीक्षा होऊन जी मरळ घरी आली, ती चुलीजवळ नेता नेता केशवरावांना पुन्हा तिच्या डोळ्याबद्दल शंका आली. मासळीच्या वासानं शकुनबाई अंथरुणात कोपरावर उठून बसल्या होत्या. केशवराव दारातून म्हणाले, "हिचा डोळा खोल पडला वाटते. कालची असन. तुले नोको." मरळ मांजरीला गेली. शकुनबाई पुन्हा आडव्या झाल्या. मांजरीला काही झालं नाही; पण मांजरीच्या प्रकृतीवरून निष्कर्ष काढणारे केशवराव नव्हते.

त्या दिवशी त्यांनी ठरवलं की जी मरळ आपल्या डोळ्यांदेखत पाण्यातून बाहेर येईल, तीच ताजी. म्हणजे ती आपणच काढली पाहिजे.

केशवरावांचा साळा गोपीचंद भिलाईला नोकरीला होता. त्याला ते बहिणीच्या दुखण्याचं लिहीतच होते, त्यात हेही लिहिलं. सहाव्या दिवशी एक लांबोडकं रजिस्टर पार्सल आलं. सानगडीच्या पोस्टात ते केशवरावांनीच उतरवून घेतलं, केशवरावांनीच वजन केलं आणि घेणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय रजिस्टर वस्तू द्यायची नाही, या नियमानुसार समोरच्या दुकानदाराला बोलावून 'हेच केशवराव' अशी साक्ष घेतली. मग एका जागी घेणारा म्हणून सही केली, दुसऱ्या जागी देणारा म्हणून. दोन्ही सह्या जुळतात की नाही हे चष्मा लावून पाहिलं, तेव्हा कुठं सुतळी कापली.

आत एक परदेशी गरी होती. काठी तीन तुकड्यांची, एकात एक बसणारी. तिला दोरा गुंडाळायचं चाक. गोपीचंदच्या कारखान्यातला एक रशियन इंजिनियर मायदेशी परत जाताना ती त्याला देऊन गेला होता. सोबत डब्यात तीन आमिषं होती : एक रबरी बेडूक, एक शिशाच्या डोक्याचा आणि कोंबड्याच्या पिसांचा किडा, आणि एक चकचकीत पितळी चमचा, दांडा नसलेला. प्रत्येकाच्या पोटाखाली गळाचा आकडा. पत्रात गोपीचंदनं वेळापत्रक लिहिलं होतं : "भावजी, मरळ पहाटे वर येते, तेव्हा बेडूक लावा आणि पाण्यावरून टुणटुण उडवत आणा. ऊन तापलं की ती खोल पाण्यात जाते, तेव्हा शिशाचा किडा तळापर्यंत जाऊ द्या आणि हळूहळू उचला. दिवस कलला की ती काठाला येते, तेव्हा चमचा, जोरात ओढा."

केशवरावांना पहिला संशय आला तो मरळीचा. तिला वेळ कोण सांगतं? पण पाण्यात का होईना, कुणीतरी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हजर असतं, हे वाचून त्यांच्यातला सरकारी नोकर सुखावला. दुसरा संशय शेजारच्या निर्मलाबाईंचा आला. त्या कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "भाऊजी, हे रबरीबिबरी कायले? गांडूळ लावा ना गांडूळ. माहेरी आमचा सालदार गांडुळानंच काढे." केशवरावांनी मान हलवली आणि घरात येऊन विचार केला : ही बाई फुकटचा सल्ला देते आहे, म्हणजे गांडुळात हिचा काहीतरी हेतू असला पाहिजे. गांडूळ तिथंच बाद झालं.

परवानगीशिवाय पाण्यात काडी घालणारे ते नव्हते. सानगडीच्या तलावाची गोष्ट अशी की पाणी एका खात्याचं, काठाची मातीची पाळ दुसऱ्या खात्याची, पाण्यातली मासळी मच्छीमार संस्थेची आणि पाण्यावरच्या शिंगाड्याचा वेल खुशालचा, कारण शिंगाड्याचा लिलाव त्यानं घेतला होता. केशवराव तिघांकडे फिरले आणि तिघांनीही त्यांना चौथ्याकडे पाठवलं. शेवटी ते मच्छीमार संस्थेचे सेक्रेटरी भय्याजी यांच्यासमोर अर्ज घेऊन बसले. हे तीर्थाची गोष्ट सांगणारेच भय्याजी. त्यांनी डबा उघडून बेडूक उलटासुलटा केला.

"मास्तर, हे कायचं होय?"

"बेडूक होय. मासोळी पकडाचा."

"खोटा बेडूक?"

"हव."

"म्हंजे तुमी आमच्या मासोळीले फसवाची परवानगी मागून राहिले?"

केशवरावांनी सांगितलं की गांडुळानंही मासोळीची फसवणूकच होते. भय्याजी म्हणाले, गांडूळ तरी खरं असते, मेल्यावर मासोळीच्या पोटात काही जाते. मग त्यांनी आवाज उतरवला. "खरं सांगा जी. पुढच्या महिन्यात तलावाचा लिलाव हाय. कोन धाडलं तुमाले? पान्यात मासोळी किती हाय हे पाहून राहिले ना?" केशवरावांनी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. भय्याजींनी ती उजेडात धरून शिक्का पाहिला. आपण लोकांच्या मनिऑर्डरी ज्या नजरेनं पाहतो त्याच नजरेनं कुणी आपला कागद पाहावा, याचा अपमान केशवरावांना फार झोंबला. तीन प्रतींत अर्ज दिल्यावर परवानगी मिळाली ती एका रविवारची आणि एका मरळीची. वर अट अशी की संस्थेचा राखणदार तुलाराम पूर्ण वेळ पाठीमागे उभा राहील.

डॉक्टरांचे पंधरा दिवस सोमवारी संपत होते.

रविवारी पहाटे तलावावर धुकं होतं आणि पलीकडच्या बांधावरून धान कापणाऱ्यांचे आवाज येत होते. केशवराव फुलपँट गुडघ्यापर्यंत दुमडून, कानाला मफलर बांधून पाळीवर उभे राहिले. मागे घोंगडी पांघरून तुलाराम. पहिल्या फेकीत बेडूक पाण्यात न जाता मागे गेला आणि तुलारामच्या घोंगडीत अडकला. तुलाराम चार पावलं मागे सरला. दुसऱ्या फेकीत केशवरावांचा मफलर गेला. तिसरी फेक मात्र झकास पडली. बेडूक धुक्यात अदृश्य झाला, दूरवर 'टप्' झालं, केशवरावांनी चाक फिरवलं आणि काठी वाकली.

"लागली रे तुलाराम! लागली!"

ओढून ओढून त्यांनी जे काठावर आणलं त्यात अकरा शिंगाडे होते, चांगले टपोरे. वेलाच्या दुसऱ्या टोकाला धुक्यातून खुशालचा डोंगा आला आणि डोंग्यात स्वतः खुशाल उभा होता.

"का जी मास्तर, सिंगाडा बेडूक खाते काय?"

"चुकून झालं बाप्पा. धुक्यात दिसलं नाई."

"धुकं पडल्यावर लोकाइच्या सिंगाड्यात गरी टाकाची, अन् म्हनाचं दिसलं नाई! पाह्य बरं, तुलाराम. सरकारी मानूस हाय अन्—"

तुलारामनं पाहिल्याचं कबूल केलं. त्याला पाहण्यासाठीच नेमलं होतं. केशवरावांनी अकराही शिंगाडे मोजून परत केले आणि खुशालनं ते पुन्हा मोजले. आठ वाजेपर्यंत गावात बातमी पसरली होती की पोस्टमास्तर शिंगाडे चोरताना सापडले. नवापर्यंत त्या शिंगाड्यांचं पोतं झालं.

एवढ्या गदारोळात एक गोष्ट मात्र खरी घडली. शेवटच्या फेकीत बेडूक काठाजवळ टुणटुणत येत असताना त्याच्यामागं पाणी फुगलं. काळं, रुंद डोकं वर आलं. मरळ! हातभर लांब, अंगावर पट्टे. ती बेडकाच्या मागोमाग थेट केशवरावांच्या पायापर्यंत आली आणि थांबली. तिनं बेडकाकडे एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं. ती नजर केशवरावांच्या चांगल्या ओळखीची होती. बाजारात गिरजाबाईसमोर बसून ते स्वतः असंच पाहत. मग मरळ सावकाश वळली आणि खोल पाण्यात निघून गेली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी आपल्यापेक्षा वरचढ भेटलं होतं, आणि नेमकं त्याच्याच रश्श्याची डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती.

ऊन तापल्यावर त्यांनी वेळापत्रकाप्रमाणे शिशाचा किडा लावला. खोल पाणी शोधायचं तर ते घाटाच्या पायऱ्यांजवळच होतं. आणि घाटाच्या पायऱ्यांवर दुपारी बाया धुणं धुवायला येत. केशवराव अब्रूदार गृहस्थ. त्यांनी बायांकडे पाठ केली, डोळे समोरच्या पिंपळाकडे लावले आणि किडा खांद्यावरून मागच्या मागे पाण्यात सोडला. मरळ पकडण्याची ही पद्धत गोपीचंदच्या पत्रात नव्हती. तुलाराम आता तिरपा उभा राहिला, कारण पुढं कोणतं आणि मागं कोणतं हेच त्याला कळेना.

अर्ध्या तासानं काठीला जडशीळ ओढ लागली. चाक करकरलं. केशवराव मागे न पाहता ओढत राहिले आणि घाटावर एकदम बायांचा गलका झाला, तेव्हा कुठं ते वळले. पाण्यातून एक पितळी गुंड, घागरीएवढा, वर आला होता, शेवाळानं हिरवा झालेला, पण शाबूत. गळ्यावर नाव कोरलेलं होतं. नाव निर्मलाबाईंच्या कैलासवासी सासूचं होतं आणि निर्मलाबाई तिसऱ्या पायरीवरच लुगडं आपटत होत्या.

"हा माहा गुंड! दोन वर्सं झाले, घाटावरून गेला. म्या नंदेवर आळ घेतला, तिचं येनंजानं बंद केलं!" मग त्यांच्या डोळ्यांत विचार उमटला आणि केशवरावांना तो उमटताना स्पष्ट दिसला. "अन् का जी भाऊजी, एवढा मोठा तराव, बराबर इथंच गुंड हाय हे तुमाले कसं माहीत?"

"मले नोतं माहीत! मी मासोळी पकडून राहिलो."

"पाठ करून?"

ज्यानं काढलं त्यानंच बुडवलं असणार, हे घाटावर एकमतानं ठरलं. केशवरावांनी तुलारामची साक्ष मागितली. तुलारामनं सांगितलं की मास्तर सकाळी इकडं तोंड करून फेकत होते, बाया आल्यावर तिकडं तोंड करून फेकायला लागले. हे शब्दशः खरं होतं आणि म्हणूनच त्यानं फार नुकसान केलं. निर्मलाबाईंनी गुंड कमरेवर घेतला आणि धुणं तसंच टाकून त्या गावाकडे निघाल्या.

केशवराव घरी जाऊ शकले असते. पण घरी जाऊन बायकोसमोर काय ठेवणार? उद्या सोमवार. नागपूरच्या दवाखान्याच्या लांब खोलीतली ती लोखंडी खाट त्यांना आत्ताच दिसत होती, आणि तिच्यावर शकुनबाई, आणि आपण रोज संध्याकाळी बाहेरच्या बाकावर. त्यांनी घाम पुसला, पेरूच्या झाडाखाली बसून राहिले आणि दिवस कलल्यावर चमचा लावला.

घाट रिकामा झाला होता. पाळीवरच्या झोपडीसमोर तुलारामनं चूल पेटवली होती आणि एका डोळ्यानं रांधत दुसऱ्या डोळ्यानं तो पाहत होता. केशवराव चमचा फेकत होते आणि जोरात ओढत होते. पितळ उन्हात चमके. एकदा, दोनदा, वीसदा. दंड भरून आले. आणि मग, कसलीही सूचना न देता, हातातली काठी कुणीतरी हिसकल्यासारखी झाली.

या खेपेला शिंगाडे नव्हते, गुंडही नव्हता. पाणी फाटलं, काळी पाठ उसळली आणि चाक उलटं फिरू लागलं. केशवराव दोन्ही टाचा चिखलात रोवून ओढत होते. दहा हात. आठ हात. मरळीचं डोकं दिसलं, जबड्यात पितळ चमकलं. पाच हात राहिले.

"अवो!"

तो आवाज त्यांनी महिनाभर ऐकला नव्हता. म्हणजे आवाज ऐकला होता, पण तो अंथरुणातून येणारा, बारीक. हा खणखणीत होता. त्यांनी वळून पाहिलं. दोरा सैल पडला, काठी सरळ झाली आणि मरळ चमच्यासकट गेली.

पाळीवर शकुनबाई उभ्या होत्या. कुणाचा आधार नाही, हातात काठी नाही. पदर कमरेला खोचलेला. घरापासून तलाव अर्धा मैल होता.

मासोळी गेल्याचं केशवरावांच्या ध्यानातही राहिलं नाही. पण आनंद झाला की माणूस जे बोलतो ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. जन्माची सवय. ते म्हणाले, "तू? चालत? कोन आनलं तुले?"

"रागानं आनलं!" शकुनबाई म्हणाल्या. "सकाऊन सिंगाडे, दुपारी बायाइचा घाट, अन् निर्मलाबाईचा गुंड! पुऱ्या गावानं येऊन सांगतलं मले. मी तिकडं खाटंवर मरून राहिली, अन् हे इकडं तीन-तीन टाईम तरावावर! कायले? कोनासाठी?"

"तुह्यासाठी! डॉक्टरनं मरळ सांगतली ना. बजारातली कालची असते, म्हून म्या म्हटलं—"

शकुनबाईंनी चिखलात माखलेली फुलपँट पाहिली, बोटांना दोऱ्यानं पडलेले वळ पाहिले. खोटं बोलणारा माणूस एवढा घाण होत नाही. त्यांचा राग खाली बसला आणि रागाबरोबर पायांतलं बळही. त्या झोपडीसमोरच्या बाजेवर मटकन बसल्या. तुलारामच्या चुलीवर रस्सा रटरटत होता. वाऱ्यानं वास त्यांच्याकडे आला आणि त्यांनी तो डोळे मिटून घेतला.

"बाई, दोन घास घेता का जी?" तुलारामनं विचारलं. "मरळच हाय."

शकुनबाईंनी हो म्हटलं. एका महिन्यात त्यांनी कुणाला हो म्हटलं नव्हतं. तुलारामनं ॲल्युमिनियमच्या ताटलीत भात वाढला, वर लाल रस्सा ओतला. केशवराव लगबगीनं पुढं आले आणि पातेल्यावर वाकले.

"थांब, जरा पाहू दे—"

"हेच!" शकुनबाई कडाडल्या. "हेच त होय! महिना झाला, दूध आनता अन् म्हनता थांब. अंडं आनता अन् म्हनता थांब. तुमी एवढ्या हौसेनं मासोळी आनली, मले वास आला, तोंडाले पानी सुटलं, अन् दारातून म्हनता डोळा पडला हाय! घास तोंडापासी आला का तुमी त्याच्यात काई ना काई काढता. कोनाच्या गळ्याखाली उतरन जी? मले त वाटाले लागलं का दुनियेत सगळं इखच हाय, अन् मीच एक मरत नाई."

केशवराव वाकलेले तसेच राहिले. बायको का जेवत नाही याचा संशय त्यांनी दुधावर घेतला होता, कोंबडीवर घेतला होता, गिरजाबाईवर, डॉक्टरच्या औषधावर, एकदा तर विहिरीवरसुद्धा. घरात एकच माणूस संशयातून सुटला होता. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की तुलारामकडे बघवेना.

पातेल्यात मरळीचं डोकं वरच तरंगत होतं. केशवरावांनी न पाहायचं ठरवलं, तरी नजर गेलीच. डोळा खोल गेलेला. कल्ल्याचा रंग उडालेला. ही मरळ आजची नव्हती. कालची होती, आणि याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी तुलारामकडे पाहिलं. तुलारामनं दिवसभरात पहिल्यांदाच दुसरीकडे पाहिलं.

शकुनबाईंनी भात कालवला, घास उचलला, आणि तोंडापाशी आल्यावर सवयीनं हात थांबला. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"थांबली काहून?" केशवराव म्हणाले. "ताजी हाय. आताच्या आता काढली दिसते. खा तू. अन् तुलाराम, बाईले अजून वाढ."